संदिग्ध शेवट आणि त्याचा अन्वयार्थ : ‘द इनोसंट्स’च्या निमित्ताने

१

रहस्यप्रधान कलाकृतीकडे वाचक वा प्रेक्षक एका विशिष्ट अपेक्षेने पाहत असतो. आरंभी जो गुंता घातला गेला तो अखेरीस सुटावा, अपराध्याचा छडा लागावा आणि जे आजवर झाकलेले होते ते उघड व्हावे, ही ती अपेक्षा होय. ही अपेक्षा हेतुतः अपुरी ठेवणारा शेवट समोर आला म्हणजे दोन प्रतिक्रिया संभवतात. एक तर अशा शेवटाला लेखक-दिग्दर्शकाचे अपयश मानले जाते. किंवा त्यात एखादी किल्ली दडवून ठेवली आहे असे गृहीत धरून ‘खरे काय घडले’ याचा शोध सुरू होतो. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी एकच समजूत आहे. अर्थ एकच असतो आणि तो एक तर सापडतो किंवा हरवतो, ही ती समजूत.

संदिग्ध शेवटाचे स्वरूप या समजुतीत मावत नाही. संदिग्धता म्हणजे अस्पष्टता नव्हे. अस्पष्ट रचनेत कोणताच अर्थ धड उभा राहत नाही. संदिग्ध रचनेत दोन अर्थ सारख्याच सामर्थ्याने उभे राहतात आणि एकमेकांना निष्प्रभ होऊ देत नाहीत. अशी समतोल अवस्था आपोआप निर्माण होत नाही. ती घडवावी लागते, आणि ती कशी घडविली आहे हे तपासणे हेच अन्वयार्थाचे पहिले काम ठरते. या दृष्टीने १९६१ मध्ये प्रदर्शित झालेला जॅक क्लेटन दिग्दर्शित ‘द इनोसंट्स’ हा इंग्रजी चित्रपट विशेष अभ्यसनीय आहे. हेन्री जेम्स यांच्या १८९८ मधील ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ या दीर्घकथेवर तो आधारलेला आहे. त्या कथेच्या अर्थासंबंधी चाललेला वाद शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. चित्रपटाने तो वाद मिटविला नाही; उलट पुराव्यांची फेरमांडणी करून तो अधिक तीव्र केला.

२

कथासूत्र थोडक्यात असे आहे. मिस गिडन्स ही एका ग्रामीण धर्मोपदेशकाची मुलगी गव्हर्नेस म्हणून, म्हणजे घरी राहून मुलांना शिकविणारी आणि सांभाळणारी शिक्षिका म्हणून, प्रथमच नोकरी पत्करते. माइल्स आणि फ्लोरा या पोरक्या भावंडांचा काका लंडनमध्ये राहतो. त्याची एकच अट असते : ब्लाय येथील वाड्यात काहीही घडो, त्याला त्रास देऊ नये. वाड्यात मिसेस ग्रोस ही जुनी गृहव्यवस्थापिका आहे. काकाचा खासगी नोकर पीटर क्विंट आणि आधीची गव्हर्नेस मिस जेसेल ही दोघे आता हयात नाहीत. लवकरच मिस गिडन्सला मनोऱ्यावर एक पुरुष आणि तळ्याकाठी काळ्या वेषातील एक स्त्री दिसू लागते. ही त्या दोन मृतांची पिशाच्चे असून आपले पूर्वीचे अनिर्बंध संबंध पुढे चालविण्यासाठी ती मुलांचा ताबा घेत आहेत, असा तिचा ग्रह होतो. मुलांनी ती दिसत असल्याचे कबूल केले, त्यांची नावे उच्चारली, की मुले मुक्त होतील असे तिला वाटते.

शेवटचा प्रसंग रात्रीचा आहे. तळ्याकाठच्या प्रकारानंतर फ्लोराला भयाचा झटका आलेला असतो. तिला मिसेस ग्रोसबरोबर दूर पाठविण्यात येते आणि वाड्यात मिस गिडन्स व माइल्स असे दोघेच उरतात. ती त्याला पुनःपुन्हा प्रश्न विचारते. तो चिडतो, ‘तुम्हालाच वेड लागल्याची भीती वाटते’ अशा आशयाचे बोलतो, शिव्या देतो आणि बागेत पळून जातो. तेथे दगडी पुतळ्यांच्या वर्तुळात ती त्याला गाठते आणि क्विंटचे नाव घ्यावयास भाग पाडते. माइल्स ते नाव ओरडतो, ‘कुठे’ असे विचारतो, कोणाला तरी ‘सैतान’ म्हणून संबोधतो आणि कोसळतो. आपण त्याला मुक्त केले या समाधानात ती त्याला कवटाळते; मग तो मरण पावला आहे हे तिच्या ध्यानात येते. ती त्याच्या ओठांचे चुंबन घेते. अखेर अंधारात प्रार्थनेसाठी जुळलेले तिचे हात दिसतात आणि पक्ष्यांचा किलबिलाट ऐकू येतो.

या शेवटाचे दोन अन्वयार्थ संभवतात. पहिल्यानुसार पिशाच्चे खरी होती. माइल्स त्यांच्या तावडीतून सुटला, परंतु ती सुटका त्याच्या देहाला पेलली नाही. दुसऱ्यानुसार पिशाच्चे मिस गिडन्सच्या दडपलेल्या मनाची निर्मिती होती आणि एका निरपराध मुलाला तिने भयाने मारले. पहिल्या अर्थाने ती रक्षणकर्ती ठरते, दुसऱ्या अर्थाने मारेकरी. दोन टोकांच्या नैतिक निर्णयांसाठी एकच प्रसंग पुरावा म्हणून पुढे येतो, हे या शेवटाचे वैशिष्ट्य होय.

३

मूळ कथेविषयीच्या वादाला निश्चित वळण मिळाले ते एडमंड विल्सन यांच्या १९३४ मधील निबंधामुळे. गव्हर्नेस ही लैंगिक दमनाने ग्रस्त स्त्री असून पिशाच्चे हा तिचा भ्रम आहे, असे प्रतिपादन त्यांनी फ्रॉइडप्रणीत मानसशास्त्राच्या आधारे केले. पिशाच्चांविषयी जे काही कळते ते केवळ तिच्याच निवेदनातून कळते आणि इतर कोणी ती पाहिल्याचे स्पष्टपणे सांगत नाही, हा या मताचा भक्कम आधार आहे. रॉबर्ट हाइलमन यांच्यासारख्या टीकाकारांनी त्याला कडाडून विरोध केला. विरोधकांच्या हाती एक ठोस मुद्दा होता. गव्हर्नेसने क्विंटला पूर्वी कधीही पाहिलेले नसते, त्याच्याविषयी ऐकलेलेही नसते. तरीही खिडकीबाहेर दिसलेल्या माणसाचे लाल केस, फिकट लांबट चेहरा, दुसऱ्याचे वाटावेत असे कपडे यांचे वर्णन ती इतके अचूक करते की मिसेस ग्रोस त्याला तत्काळ ओळखते. भ्रम झालेल्या मनाला एका अपरिचित मृताचा चेहरा कसा कळावा? या प्रश्नाला विल्सनपक्षीयांनी निरनिराळी उत्तरे दिली, परंतु त्यांतील कोणतेही निर्विवाद ठरले नाही. स्वतः विल्सन यांनीही पुढे आपल्या निबंधाला पुरवण्या जोडून भूमिकेत फेरफार केले.

१९७० नंतर वादाचे स्वरूप बदलले. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी अद्भुताची मीमांसा करताना नैसर्गिक आणि अतिमानुष अशा दोन स्पष्टीकरणांमधील दोलायमानता हेच त्या साहित्यप्रकाराचे व्यवच्छेदक लक्षण मानले, आणि ही दोलायमानता शेवटपर्यंत टिकविणाऱ्या मोजक्या कृतींत जेम्स यांच्या कथेची गणना केली. शोशाना फेल्मन यांनी १९७७ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. कथेचा एकच अर्थ ठामपणे लावू पाहणारा टीकाकार नकळत गव्हर्नेसचीच भूमिका वठवतो, हे त्यांनी दाखवून दिले. ती मुलाकडून नाव काढून घेऊ पाहते. टीकाकार कथेकडून अर्थ काढून घेऊ पाहतो. ही मर्मदृष्टी चित्रपटाच्या शेवटाला किती लागू पडते, ते पुढे दिसून येईल.

४

दीर्घकथा प्रथमपुरुषी निवेदनातून उलगडते. ‘मला दिसले’ या एका शब्दप्रयोगाच्या आड तेथे सारी संदिग्धता सुरक्षित राहते. कॅमेऱ्याला हा आडोसा उपलब्ध नाही. त्याला पिशाच्च दाखवावे लागते किंवा न दाखवावे लागते, आणि पडद्यावर जे दिसते ते प्रेक्षक सहसा सत्य मानतो. रंगभूमीवर हीच अडचण आली होती. विल्यम आर्चिबाल्ड यांच्या १९५० मधील नाट्यरूपांतरात पिशाच्चे खरीच मानलेली होती. बेंजामिन ब्रिटन यांच्या १९५४ मधील संगीतिकेत तर पिशाच्चांना गाण्यासाठी शब्दही दिलेले आहेत. ज्याला स्वतःचा स्वर आहे त्याला निव्वळ भ्रम म्हणणे कठीण होते. चित्रपटाची पटकथा आरंभी आर्चिबाल्ड यांनीच लिहिली. क्लेटन यांना मात्र दोन्ही शक्यता खुल्या ठेवावयाच्या होत्या, म्हणून ट्रूमन कपोटी यांच्याकडून पटकथेचे पुनर्लेखन करून घेण्यात आले.

या पुनर्रचनेतील सर्वांत महत्त्वाचा फेरफार सहज नजरेतून निसटावा इतका लहान आहे. चित्रपटात लपंडाव खेळत असताना मिस गिडन्स माळ्यावर जाते आणि तेथे तिला एका पुरुषाचे लहानसे, तडा गेलेले चित्र सापडते. खिडकीच्या काचेबाहेर क्विंटचा चेहरा स्पष्ट दिसतो तो त्यानंतर. म्हणजे मूळ कथेत भ्रमाच्या उपपत्तीला जो सर्वांत मोठा अडथळा होता, तोच येथे दूर केला आहे. पाहिलेल्या चित्राचेच मनाने पिशाच्च घडविले, असे आता म्हणता येते. तराजूचे एक पारडे येथे हलके झाले.

क्लेटन यांनी ते तसेच राहू दिले असते तर चित्रपट मनोविकृतीचे प्रकरण म्हणून संपला असता. परंतु दुसऱ्या पारड्यात त्यांनी नवीन वजन टाकले. अभ्यासिकेत मिस गिडन्सला मेजापाशी रडत बसलेली जेसेल दिसते आणि क्षणात नाहीशी होते. ती मेजाजवळ जाते तेव्हा पाटीवर अश्रूचा एक ओला थेंब असतो. भ्रमाला अश्रू नसतात. निदान पाटी भिजविणारे तरी नसतात. हा थेंब मिस गिडन्सखेरीज दुसऱ्या कोणा पात्राने पाहिलेला नाही, हेही तितकेच खरे. परंतु प्रेक्षकाने तो पाहिलेला असतो, आणि त्यामुळे तो एकाएकी साक्षीदार बनतो.

छायाचित्रणातही हाच समतोल राखलेला आहे. पिशाच्चदर्शनाच्या प्रसंगी पुष्कळदा आधी मिस गिडन्सचा चेहरा, त्यावरील भय, आणि मग तिला जे दिसले ते, असा क्रम आहे. कारण आधी आणि परिणाम नंतर ही नेहमीची रीत येथे उलटलेली आहे. यातून भय पिशाच्चामुळे निर्माण झाले की पिशाच्च भयामुळे, असा प्रश्न उभा राहतो. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यांनी रुंद पडद्याच्या दोन्ही कडा खास तयार केलेल्या फिल्टरच्या साहाय्याने अंधाऱ्या केल्या. परिणामी उजेड मध्यावर एकवटतो आणि कडेला काहीतरी असावे ही शंका सतत जागी राहते. प्रेक्षकाची नजर मिस गिडन्सच्या नजरेप्रमाणे अंधार चाचपू लागते.

अखेरच्या प्रसंगात मात्र एक शॉट या नियमाला अपवाद आहे. माइल्स कोसळतो त्या सुमारास कॅमेरा उंचावर, क्विंटच्या बाजूला जातो आणि चौकटीत क्विंटचा हात दिसतो. ही नजर मिस गिडन्सची असू शकत नाही. मग ती कोणाची? पिशाच्चवादी याला निर्णायक पुरावा मानतील. परंतु चित्रपटाच्या आरंभीच, अंधारात जुळलेले हात आणि मुलांना वाचवावयाचे होते, नष्ट करावयाचे नव्हते, अशा आशयाचे तिचे पुटपुटणे येऊन गेलेले आहे. अखेरीस तेच हात परत येतात. संपूर्ण चित्रपट हे जर तिचे स्मरण, तिचा कबुलीजबाब असेल, तर उंचावरून दिसणारे दृश्यही तिनेच मागाहून रचलेले असू शकते. प्रत्येक पुराव्याला असा एक प्रतिपुरावा जोडून दिलेला आहे. काकाने मुलाखतीच्या आरंभीच तिला कल्पनाशक्ती आहे काय असे विचारले होते, आणि तिने होकार दिला होता, हेही येथे आठवावे.

५

भारतीय काव्यशास्त्राला संदिग्धतेचा विचार अपरिचित नाही. उलट ‘संदिग्ध’ या एकाच शब्दाला तेथे निरनिराळी स्थाने आहेत, आणि त्यांतील भेद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त संदिग्ध हा प्रथम दोष म्हणून येतो : शब्दाचा अभिप्रेत अर्थ कोणता याचा निर्णय न झाल्याने आस्वादात जेथे अडथळा येतो तेथे तो दोष. परंतु याच ग्रंथात व्याजस्तुतीसारख्या ठिकाणी संदिग्धता गुणरूप होऊ शकते, हेही मान्य केलेले आहे. अलंकारप्रकरणात ‘संदेह’ हा स्वतंत्र अलंकार आहे. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त त्याचे तीन प्रकार केले आहेत. ज्यात संशय अखेरपर्यंत कायम राहतो तो शुद्ध, ज्यात मध्येच निश्चयाची झुळूक येऊन पुन्हा संशय उत्पन्न होतो तो निश्चयगर्भ, आणि ज्याचे पर्यवसान निश्चयात होते तो निश्चयान्त.

संदेह अलंकार सादृश्यावर आधारलेला असतो आणि त्यातील संशय कविप्रतिभेने कल्पिलेला असतो. कथानकाच्या शेवटाला तो जसाच्या तसा लावणे शास्त्रशुद्ध होणार नाही. तथापि विश्वनाथाची त्रिविध विभागणी वर्णनाचे साधन म्हणून उपयोगी पडते. नेहमीचा रहस्यपट निश्चयान्त असतो. ‘द इनोसंट्स’ची घडण मात्र निश्चयगर्भ आहे : चित्र सापडते तेव्हा भ्रमाचा निश्चय होऊ पाहतो, अश्रूचा थेंब दिसतो तेव्हा पिशाच्चाचा; आणि प्रत्येक निश्चय पुढील प्रसंगात विरघळतो. त्याचा शेवट शुद्ध संदेहाचा आहे.

याहूनही जवळची संज्ञा म्हणजे गुणीभूतव्यंग्याच्या आठ प्रकारांपैकी ‘संदिग्धप्राधान्य’. येथे वाच्य अर्थ प्रधान की व्यंग्य अर्थ प्रधान, हेच ठरविता येत नाही. ‘द इनोसंट्स’मध्ये पिशाच्चकथा हा वाच्यार्थ आणि दमित मनाची कथा हा व्यंग्यार्थ, असे सामान्यतः मानले जाते. फ्रॉइडवादी टीकाकार व्यंग्याला प्रधान मानतात, त्यांचे विरोधक वाच्याला. ध्वनिवाद्यांच्या मते व्यंग्याचे निःसंशय प्राधान्य हेच उत्तम काव्याचे लक्षण असल्याने संदिग्धप्राधान्य त्यांनी दुय्यम श्रेणीत घातले. कथात्म वाङ्मयाच्या आणि चित्रपटाच्या संदर्भात या श्रेणीव्यवस्थेचा फेरविचार करावा लागेल. जेथे प्राधान्याचा अनिर्णय हाच आस्वादाचा विषय होतो, तेथे तो अनिर्णय दुय्यम कसा म्हणावा, हा प्रश्न भारतीय साहित्यमीमांसकांनी विचारात घेण्याजोगा आहे.

या संदर्भात एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. रवींद्रनाथ ठाकुरांची ‘मणिहारा’ ही कथा जेम्स यांच्या कथेप्रमाणेच १८९८ मधील. आणि सत्यजित राय यांनी ‘तीन कन्या’ या चित्रपटात तिचे रूपांतर केले तेही १९६१ मध्येच. तेथेही एक निवेदक आहे. एक शाळामास्तर एका अनोळखी श्रोत्याला फणिभूषण आणि त्याची अलंकारलोभी पत्नी मणिमालिका यांची पिशाच्चकथा सांगतो. कथेच्या अखेरीस श्रोता आपले नावच फणिभूषण साहा असल्याचे सांगतो आणि पत्नीचे नाव मात्र निराळे, नृत्यकाली असे सांगतो. एका वाक्यात सांगितलेली सारी कथा संशयास्पद होते, आणि खोटीही ठरत नाही. चित्रपटात श्रोता आपली ओळख देऊन दिसेनासा होतो. तेथे संशयाचा तोल पिशाच्चाच्या बाजूने झुकतो. रवींद्रनाथांनी शेवटी श्रोत्याला बोलते केले. जेम्स यांनी उलट केले : नाताळच्या आदल्या रात्री शेकोटीभोवती जमलेल्या श्रोत्यांपासून कथेचा आरंभ होतो, परंतु अखेरीस ती त्या श्रोत्यांकडे परतत नाही. प्रश्न विचारणारा कोणी शिल्लकच ठेवलेला नसल्याने ते काम वाचकावर येऊन पडते.

६

संदिग्ध शेवटाची खरी कसोटी भाषांतरात लागते, आणि भारतीय भाषांच्या अभ्यासकाला हा प्रश्न टाळता येत नाही. माइल्सच्या अखेरच्या उद्‌गारात क्विंटचे नाव, ‘कुठे’ हा प्रश्न आणि ‘सैतान’ हे संबोधन एवढेच येते. हे संबोधन कोणाला? क्विंटला असेल तर मुलगा त्याला ओळखतो आणि धिक्कारतो. गव्हर्नेसला असेल तर मरणारे मूल आपल्या छळकर्तीला नाव ठेवीत आहे. इंग्रजीतील द्वितीयपुरुषी सर्वनाम एकवचनी-अनेकवचनी, आदरार्थी-अनादरार्थी असा कोणताच भेद करीत नसल्याने दोन्ही अर्थ शाबूत राहतात.

मराठी भाषांतरकाराला ही सोय नाही. मराठी मुलगा शिकविणाऱ्या बाईंना ‘तुम्ही’ म्हणेल आणि सलगीच्या नोकराला ‘तू’. ‘तुम्ही सैतान आहात’ असे लिहिताच रोख बाईंवर ठरतो. ‘तू’ योजल्यास तो क्विंटकडे वळतो. मात्र संतापाच्या भरात आदर गळून पडतो, त्यामुळे ‘तू’ बाईंना उद्देशूनही असू शकतो, आणि थोडी फट उरते. पुढे ‘कुठे’ला क्रियापद जोडण्याचा मोह आवरला नाही तर तीही बुजते. ‘कुठे आहेस?’ म्हटले की प्रश्न क्विंटला; ‘कुठे आहे?’ म्हटले की बाईंना. एका ‘स’काराने स्त्री रक्षणकर्ती की मारेकरी याचा निकाल लागतो. म्हणून भाषांतरकाराने ‘कुठे?’ एवढेच ठेवणे इष्ट. व्याकरणाने पूर्ण केलेले वाक्य येथे कलादृष्ट्या अपूर्ण ठरते. हिंदीत तू-तुम-आप आणि बंगालीत तुइ-तुमि-आपनि अशी त्रिविध व्यवस्था असल्याने तेथील भाषांतरकारापुढे हा पेच अधिकच बिकट होईल.

एका बाबतीत मात्र मराठी इंग्रजीहून समर्थ आहे. इंग्रजी निवेदिका ‘मी त्याला पाहिले’ अशा कर्तृप्रधान रचनेत बोलते आणि पाहण्याची जबाबदारी स्वतःकडे घेते. मराठीत ‘तो मला दिसला’ असे सहज म्हटले जाते. येथे पाहणारी व्यक्ती चतुर्थीत जाते. तिच्याकडे केवळ अनुभव येतो. शिवाय ‘दिसणे’ या क्रियापदात दृश्यमान होणे आणि वाटणे असे दोन्ही अर्थ नांदतात : ‘डोंगर दिसतो’ यात वस्तू समोर आहे, ‘तो दमलेला दिसतो’ यात केवळ पाहणाऱ्याचे अनुमान आहे. ‘तळ्याकाठी ती मला दिसली’ हे वाक्य म्हणूनच पिशाच्च आणि भ्रम या दोहोंना सारखाच आश्रय देते. जे एका ठिकाणी हरवते ते दुसऱ्या ठिकाणी भरून काढण्याची संधी भाषा देते; ती हेरण्यासाठी मूळ कृतीतील संदिग्धता नेमकी कोठे वसते, याचे भान भाषांतरकाराला असावे लागते.

७

इतके विवेचन झाल्यावर स्वाभाविकच एक आक्षेप उपस्थित होतो. दोन्ही अर्थ सारखेच ग्राह्य असतील तर अन्वयार्थाला काही निष्कर्षच उरत नाही. ‘ज्याला जे वाटेल ते’ असे म्हणून मोकळे होता येईल. हा आक्षेप संदिग्धतेला अस्पष्टता समजण्यातून उद्भवतो. संदिग्ध शेवटातही पुष्कळ काही निश्चित असते, आणि दोन्ही अर्थांत जे समान आहे ते शोधणे ही अशा शेवटाच्या वाचनाची दुसरी पायरी होय.

‘द इनोसंट्स’च्या शेवटात निश्चित काय आहे? एक मूल मरण पावले आहे. ते नाव उच्चारावयास भाग पाडल्याच्या क्षणी मरण पावले आहे. ज्या व्यक्तीने भाग पाडले ती त्याच्यावर मनापासून माया करीत होती. पिशाच्चे खरी असोत वा नसोत, या तीन गोष्टींत बदल होत नाही. पिशाच्चे खरी मानली तरी त्यांनी माइल्सला जिवंत ठेवले होते. तो मेला तो सुटकेच्या घाईत. ती खोटी मानली तर त्याला मारणारे दुसरे कोणी नव्हतेच. दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट हाती लागते : संशयात राहणे असह्य झालेल्या एका मनाने खात्रीसाठी एका मुलाचा बळी घेतला. मुलाने ‘हो’ म्हणावे हे तिला त्याच्यासाठी जितके हवे होते, तितकेच स्वतःसाठीही हवे होते, कारण त्याच्या एका शब्दाने तिचे वेड वा तिचे शहाणपण ठरणार होते. माइल्सने हे ओळखले होते. वेड लागल्याच्या तिच्या भीतीवर त्याने नेमके बोट ठेवले ते याचमुळे.

येथे फेल्मन यांच्या निरीक्षणाचा पूर्ण प्रत्यय येतो. ‘शेवटी खरे काय?’ या प्रश्नाने व्याकूळ झालेला प्रेक्षक आणि पुतळ्यांच्या वर्तुळात मुलाचे खांदे धरून नाव विचारणारी मिस गिडन्स यांची मनोवृत्ती जातीने एकच आहे. हा चित्रपट प्रेक्षकाला उत्तर नाकारतो तो त्याला चकविण्यासाठी नव्हे. मिस गिडन्सला जे जमले नाही ते, म्हणजे अनिश्चिततेत राहूनही दुसऱ्याच्या जिवाची कदर करणे, त्याला जमते काय, हे तो अजमावतो. संदिग्धता येथे तंत्राची करामत न राहता नैतिक अनुभव बनते.

यावरून संदिग्ध शेवटाच्या अभ्यासाची एक रीत सुचविता येईल. प्रथम, प्रत्येक अर्थाच्या बाजूचे पुरावे कोणते आणि ते कोणत्या क्रमाने मांडले आहेत हे पाहावे. माळ्यावरचे चित्र आणि पाटीवरचा अश्रू यांचे मोल त्यांच्या जागेमुळे आहे. दुसरे, हे पुरावे कोणाच्या नजरेतून येतात याची छाननी करावी. तिसरे, कोणताही अर्थ स्वीकारला तरी जे अबाधित राहते ते वेगळे काढावे, कारण कृतीचा आशय बहुधा तेथेच असतो. आणि चौथे, अर्थ निश्चित करण्याची आपली निकड ही त्या कृतीतील एखाद्या पात्राची निकड तर नव्हे ना, हे तपासावे.

चित्रपटाच्या आरंभी आणि अखेरीस जुळलेले हात दिसतात. ते कृतज्ञतेने जुळले आहेत की पश्चात्तापाने, हे सांगता येत नाही. मात्र ते रिकामे आहेत, एवढे निश्चित दिसते.